मार्क अँड्रीसन कोण आहेत? ब्राउझर बनवणारा विद्यार्थी ते सिलिकॉन व्हॅलीचा बडा गुंतवणूकदार

तुमच्या फोनवर रोज घडणाऱ्या तीन साध्या गोष्टी घ्या. बातमी उघडली की मजकुराच्या मधोमध फोटो दिसतो. शॉपिंग साइटवर कार्टमध्ये टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. बँकेच्या साइटवर टाकलेला पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही. या तिन्ही गोष्टींची सुरुवात १९९३ ते १९९५ या काळात दोन छोट्या टीममध्ये झाली आणि त्या दोन्ही टीममध्ये एक नाव होतं, मार्क अँड्रीसन.

आज अँड्रीसन यांची ओळख कोड लिहिणारा अशी नसून पैसे लावणारा अशी आहे. कुठल्या स्टार्टअपला पैसे मिळतील, क्रिप्टोचं काय होईल, एआयवर नियम असावेत की नाही, अशा प्रश्नांवर त्यांचं मत जगभर वाचलं जातं. भारतातल्या इंटरनेटबद्दल २०१६ मध्ये केलेल्या एका ट्वीटमुळे तर त्यांना माफी मागावी लागली होती. हा माणूस कोण आहे, त्याने काय बनवलं आणि त्याचे विचार कसे वाचायचे, हे या लेखात पाहूया.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव: मार्क लोवेल अँड्रीसन
- जन्म: ९ जुलै १९७१, सीडर फॉल्स, आयोवा, अमेरिका
- शिक्षण: कॉम्प्युटर सायन्सची पदवी, इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शॅम्पेन (१९९३)
- काय बनवलं: मोझॅक ब्राउझर (एरिक बीना यांच्यासोबत), नेटस्केप, लाउडक्लाउड
- सध्या: अँड्रीसन होरोविट्झ या गुंतवणूक कंपनीचे सहसंस्थापक
- फेसबुकच्या संचालक मंडळावर: २००८ पासून

लहान गावातला मुलगा

अँड्रीसन वाढले ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या न्यू लिस्बन या छोट्या गावात. वडील बियाणं कंपनीत होते, आई कपड्यांच्या मेल ऑर्डर कंपनीत. प्रोग्रामिंगची गोडी लायब्ररीतल्या पुस्तकातून लागली. बेसिक ही भाषा ते शाळेत असतानाच शिकले.

इलिनॉय विद्यापीठात शिकताना ते एनसीएसए या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात अर्धवेळ काम करू लागले. हे केंद्र अमेरिकन सरकारच्या निधीवर चालायचं. वेगवान इंटरनेट आणि ताकदवान मशीन्स तेव्हा अशाच मोजक्या ठिकाणी होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

मोझॅक: फोटो मजकुरातच का दिसतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. वेबचा शोध अँड्रीसन यांनी लावलेला नाही. तो लावला टिम बर्नर्स-ली यांनी, १९८९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्यावर काही बनवायला ना परवानगी लागत होती ना पैसे.

पण तेव्हाचं वेब सामान्य माणसाच्या कामाचं नव्हतं. बहुतेक ब्राउझर फक्त मजकूर दाखवायचे, किंवा फोटो वेगळ्या खिडकीत उघडायचे. इन्स्टॉल करणंही किचकट होतं. अँड्रीसन आणि त्यांचे सहकारी एरिक बीना यांनी ठरवलं की माउसने क्लिक करता येईल आणि फोटो मजकुराच्या मधेच दिसेल असा ब्राउझर बनवायचा.

त्यासाठी एक नवा टॅग हवा होता. फेब्रुवारी १९९३ मध्ये अँड्रीसन यांनी वेबवर काम करणाऱ्या इतर डेव्हलपर्सना ईमेल पाठवून आयएमजी टॅगचा प्रस्ताव मांडला. त्यावर चर्चा झाली. बर्नर्स-ली यांच्यासह काहींना जास्त व्यापक पद्धत हवी होती. एकमत व्हायची वाट न बघता मोझॅकच्या टीमने तो टॅग ब्राउझरमध्ये टाकून दिला. लोकांना तो आवडला आणि तोच स्टँडर्ड झाला. वेब पानांच्या कोडमध्ये तो आजही आहे.

मोझॅकची पहिली आवृत्ती युनिक्स मशीनसाठी होती. १९९३ संपायच्या आत ती विंडोज आणि मॅकवरही आली. त्यामुळे संशोधकांच्या प्रयोगशाळेतलं वेब पहिल्यांदाच घरातल्या कॉम्प्युटरवर पोचलं.

जरा थांबून विचार करा. सरकारी निधीवरच्या केंद्रात काम करणारा एक २१ वर्षांचा विद्यार्थी, जगाने फुकट दिलेलं तंत्रज्ञान वापरतो, त्यात स्वतःच्या मनाने भर टाकतो आणि ते सगळ्या जगात पसरतं. मध्ये "तुमचं ॲप आम्ही मंजूर करतो की नाही ते बघू" असं म्हणणारं कुणीच नव्हतं. अँड्रीसन यांच्या करिअरचा पाया हा असा उघडा दरवाजा आहे.

नेटस्केप: १६ महिन्यांची कंपनी शेअर बाजारात

पदवी घेऊन अँड्रीसन कॅलिफोर्नियात गेले. तिथे त्यांना जिम क्लार्क भेटले. क्लार्क यांनी आधी सिलिकॉन ग्राफिक्स ही मोठी कंपनी उभी केली होती. एप्रिल १९९४ मध्ये दोघांनी मोझॅक कम्युनिकेशन्स ही कंपनी काढली. नावावर विद्यापीठाने आक्षेप घेतला, म्हणून ते बदलून नेटस्केप केलं. मोझॅकवर काम केलेले बरेच जण या नव्या कंपनीत आले आणि त्यांनी नवा ब्राउझर पहिल्यापासून लिहिला. डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरची पहिली आवृत्ती आली.

९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचा आयपीओ झाला. शेअरची किंमत २८ डॉलर ठरली होती. पहिल्याच दिवशी तो ७४.७५ डॉलरपर्यंत चढला आणि ५८.२५ डॉलरवर बंद झाला. कंपनीला तोपर्यंत नफा झालेला नव्हता. अँड्रीसन तेव्हा २४ वर्षांचे होते. पुढच्या फेब्रुवारीत ते टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, सिंहासनावर बसलेले आणि अनवाणी. डॉटकॉमच्या तेजीची सुरुवात अनेक जण नेटस्केपच्या या आयपीओपासून धरतात.

तुमच्या फोनमध्ये अजूनही असलेलं नेटस्केप

नेटस्केप ब्राउझर आज कुणी वापरत नाही. पण तिथल्या इंजिनिअर्सनी केलेल्या तीन गोष्टी तुम्ही दिवसभर वापरता.

१. कुकी (१९९४, लू मोंटुली). सर्व्हरला स्वतःहून काही आठवत नाही. तुम्ही दुसऱ्या पानावर गेलात की त्याच्यासाठी तुम्ही नवे. मोंटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती परत दाखवायची. लॉगिन आणि कार्ट यामुळेच चालतं. पुढे जाहिरात कंपन्यांनी हीच चिठ्ठी वापरून या साइटवरून त्या साइटवर तुमचा माग काढायला सुरुवात केली.

२. एसएसएल (१९९५). ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारी पद्धत. ताहेर एल्गमल हे इजिप्तमध्ये जन्मलेले क्रिप्टोग्राफर तेव्हा नेटस्केपचे मुख्य शास्त्रज्ञ होते. साइटच्या पत्त्यात दिसणारं एचटीटीपीएस ज्या टीएलएसवर चालतं, ते याच एसएसएलचं पुढचं रूप.

३. जावास्क्रिप्ट (मे १९९५, ब्रेंडन आइक). पान उघडल्यावरही त्यात हालचाल घडवता यावी यासाठी ही भाषा हवी होती. आइक यांनी तिचा पहिला नमुना १० दिवसांत लिहिला. आज वेबवरचे नकाशे, चॅट, गेम सगळं तिच्यावर चालतं.

यातली एकही गोष्ट अँड्रीसन यांनी एकट्याने बनवलेली नाही, हे वर दिलेल्या नावांवरून दिसतंच. त्यांचं काम म्हणजे दिशा ठरवणं आणि घाई करणं. "आधी लोकांच्या हातात द्या, नंतर सुधारू" ही मोझॅकची सवय त्यांनी नेटस्केपमध्येही चालू ठेवली.

मायक्रोसॉफ्टशी लढाई

नेटस्केपचा आयपीओ झाला त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्ती आणली. मजेची गोष्ट म्हणजे त्यासाठी त्यांनी स्पायग्लास या कंपनीकडून मोझॅकच्याच तंत्रज्ञानाचा परवाना घेतला होता. नंतर हा ब्राउझर विंडोजबरोबर फुकट येऊ लागला. नेटस्केप कंपन्यांकडून लायसन्सचे पैसे घेत होतं. जी वस्तू नव्या कॉम्प्युटरवर आधीच बसवून मिळते, ती डाउनलोड करून वर पैसे कोण देणार?

मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. विंडोजमधली मक्तेदारी बेकायदा पद्धतीने टिकवल्याचा ठपका अपिलातही कायम राहिला. पण नेटस्केपसाठी तोपर्यंत उशीर झाला होता. एओएलने ही कंपनी विकत घ्यायचं नोव्हेंबर १९९८ मध्ये जाहीर केलं.

जाता जाता नेटस्केपने एक मोठं काम केलं. मार्च १९९८ मध्ये त्यांनी ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. कंपनी गेली, पण उघडा ठेवलेला कोड उरला.

पैसे देण्याचं बटण राहूनच गेलं

ब्राउझरमध्ये पैसे देण्याची सोय सुरुवातीलाच बसवता आली नाही, ही आपल्या पिढीची मूळ चूक होती, असं अँड्रीसन नंतर बऱ्याच मुलाखतींत म्हणाले आहेत. वेबच्या नियमांमध्ये त्यासाठी जागा होती. तुम्ही ४०४ एरर पाहिला असेल, म्हणजे पान सापडलं नाही. तसाच ४०२ हा नंबर "पैसे भरा" यासाठी राखून ठेवलेला आहे. पण बँका आणि कार्ड कंपन्यांबरोबर तशी व्यवस्था जमली नाही.

परिणाम काय झाला? एखादा लेख वाचायला दोन-चार पैसे देण्याचा सोपा मार्गच नव्हता, म्हणून साइट्स जाहिरातींवर जगू लागल्या. जाहिरात नेमकी दाखवायची तर वाचणारा कोण हे कळायला हवं, आणि त्यासाठी कुकी तयारच होती. आज फोनवर आपला जो पाठलाग होतो, त्याचं एक मूळ इथे आहे. अँड्रीसन यांना क्रिप्टोबद्दल इतकं प्रेम का, याचंही एक उत्तर इथेच मिळतं. इंटरनेटमध्येच मुरलेला पैसा त्यांना तेव्हापासून हवा होता.

वेळेआधी आलेला क्लाउड

सप्टेंबर १९९९ मध्ये अँड्रीसन यांनी बेन होरोविट्झ आणि आणखी दोघांबरोबर लाउडक्लाउड काढली. कल्पना अशी: कंपन्यांनी स्वतः सर्व्हर सांभाळायचे नाहीत, आम्ही सांभाळू. आज ॲमेझॉन आणि गूगल यांचा क्लाउड व्यवसाय ओळखीचा आहे. पण १९९९ मध्ये यासाठी लागणारं तंत्र महाग होतं. शिवाय ग्राहक होते बहुतांशी डॉटकॉम कंपन्या, आणि २००० नंतर त्याच एकामागून एक बुडाल्या.

२००२ मध्ये त्यांनी सर्व्हरचा धंदा ईडीएस या कंपनीला ६.३५ कोटी डॉलरला विकला आणि फक्त सॉफ्टवेअर ठेवलं. कंपनीचं नाव ऑप्सवेअर झालं. २००७ मध्ये ती एचपीने १.६ अब्ज डॉलरला घेतली. कल्पना बरोबर असूनही वेळ चुकली तर कंपनी मरू शकते, हा धडा दोघांनी पुढे गुंतवणूक करताना वापरला.

अँड्रीसन होरोविट्झ: पैसे लावण्याचा धंदा

जुलै २००९ मध्ये दोघांनी ३० कोटी डॉलरच्या फंडाने गुंतवणूक कंपनी सुरू केली. अँड्रीसन होरोविट्झ या नावाचं इंग्रजी स्पेलिंग लिहिलं तर पहिलं अक्षर ए, शेवटचं झेड आणि मधे १६ अक्षरं. म्हणून तिचं लाडकं नाव "ए-सिक्स्टीन-झेड".

व्हेंचर कॅपिटल म्हणजे काय, हे न समजता अँड्रीसन यांचे विचार समजणार नाहीत. म्हणून एक काल्पनिक हिशोब करू.

समजा, तुमच्याकडे १०० कोटींचा फंड आहे. तुम्ही १० स्टार्टअपमध्ये प्रत्येकी १० कोटी घातले. ६ बुडाले, म्हणजे ६० कोटी गेले. ३ कंपन्यांनी जेमतेम मुद्दल परत दिलं, ३० कोटी. एक कंपनी मात्र ३० पट वाढली, ३०० कोटी. एकूण झाले ३३० कोटी. दहापैकी सहा निर्णय फसूनही फंड तिपटीच्या वर गेला.

या गणितातून तीन गोष्टी निघतात. पहिली, बुडणारी कंपनी निवडली तर नुकसान मर्यादित असतं, पण ती एक मोठी कंपनी हातातून सुटली तर सगळंच गेलं. दुसरी, "हे चालेल का?" यापेक्षा "चाललं तर किती मोठं होईल?" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. तिसरी, हे पैसे बहुतांशी दुसऱ्यांचे असतात, जसे पेन्शन फंड आणि विद्यापीठांचे निधी. फंड सांभाळणाऱ्याला साधारणपणे दरवर्षी २ टक्के फी आणि नफ्यात २० टक्के वाटा मिळतो. म्हणून आशावादी असणं हा या माणसांचा स्वभाव असेल-नसेल, पण तो त्यांचा व्यवसाय नक्कीच आहे.

खरी उदाहरणं बघा. २००९ मध्ये त्यांनी स्काइपमध्ये ५ कोटी डॉलर घातले, तेव्हा सगळ्या कंपनीची किंमत २.७५ अब्ज डॉलर धरली होती. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप ८.५ अब्ज डॉलरला घेतलं. इन्स्टाग्रामची गोष्ट वेगळी. त्यात त्यांनी अगदी सुरुवातीला, ते ॲप दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच कामासाठी बनत असताना, २.५ लाख डॉलर घातले. पण फोटो शेअर करणाऱ्या पिकप्लीझ या दुसऱ्या ॲपमध्येही त्यांचे पैसे होते. दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच वेळी पोसणं बरं दिसत नाही, म्हणून इन्स्टाग्रामच्या पुढच्या फेरीत ते उतरले नाहीत. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा त्या २.५ लाखांचे ७.८ कोटी डॉलर झाले. ३१२ पट! तरीही सिलिकॉन व्हॅलीत याची चर्चा "केवढी संधी हुकली" अशी झाली. वरचं गणित आठवलं की असं का, ते कळतं.

गिटहब, एअरबीएनबी आणि कॉइनबेस ही त्यांची आणखी काही गाजलेली नावं. भारतात त्यांची पहिली गुंतवणूक ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉइनस्विच कुबेर या बंगळुरूच्या क्रिप्टो कंपनीत झाली.

अँड्रीसन यांचे मुख्य विचार

प्रॉडक्ट-मार्केट फिट. २००७ मध्ये त्यांनी स्टार्टअपवर लिहायला सुरुवात केली. टीम, वस्तू आणि बाजारपेठ या तिघांपैकी बाजारपेठ सगळ्यात महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं. लोकांना खरंच हवी असलेली वस्तू असेल तर ती तुमच्या हातातून ओढून नेली जाते, नसेल तर हुशार टीमही काही करू शकत नाही. हा शब्द त्यांनी शोधलेला नाही, याचं श्रेय ते गुंतवणूकदार अँडी रॅचलेफ यांना देतात. पण तो सगळीकडे पोचवला त्यांनी.

सॉफ्टवेअर जग खातंय. २० ऑगस्ट २०११ रोजी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आलेला हा त्यांचा सर्वांत गाजलेला लेख. पुस्तकं, सिनेमा, संगीत, टेलिकॉम अशा प्रत्येक क्षेत्रात शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच राज्य करेल, असा दावा त्यात होता. उदाहरण ताजं होतं. बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तकांच्या दुकानांची साखळी त्याच वर्षी बुडाली होती आणि ॲमेझॉन वाढत होतं. टेक कंपन्यांचे भाव म्हणजे फुगा आहे, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. अँड्रीसन यांनी उलट बाजू घेतली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं ठरलं.

बांधायला घ्या. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, त्यांनी लिहिलं की श्रीमंत देशांकडे मास्क नाहीत, पुरेशी घरं नाहीत, कारण आपण बांधण्याची इच्छाच गमावली आहे. लेख खूप वाचला गेला. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, अँड्रीसन आणि त्यांच्या पत्नीने आपल्या ॲथर्टन या अतिश्रीमंत गावात अनेक कुटुंबांसाठीच्या इमारतींना परवानगी देण्याला लेखी विरोध केल्याचं उघड झालं. लेखातला उपदेश आणि स्वतःच्या दारातली भूमिका यातला फरक लोकांनी बरोबर पकडला.

तंत्रज्ञान हाच उपाय. जून २०२३ मध्ये त्यांनी एआय जगाला वाचवेल असा लेख लिहिला आणि ऑक्टोबरमध्ये तंत्रज्ञानाच्या बाजूने एक लांबलचक जाहीरनामा. एआयचा वेग कमी केला तर माणसं मरतील, कारण जे आजार बरे होऊ शकले असते ते होणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. विरोधकांच्या यादीत त्यांनी सामाजिक जबाबदारी, शाश्वत विकास, टेक्नॉलॉजीतली नैतिकता असे शब्दही घातले. टीका यावरच झाली: औषधाच्या दुष्परिणामांबद्दल विचारणारा माणूस औषधाचा शत्रू कसा?

भारत आणि फ्री बेसिक्स: दुसऱ्या बाजूने दरवाजा

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा भारतात आणली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. कल्पना ऐकायला छान होती: ठरावीक साइट्स वापरा, डेटाचे पैसे नाहीत. याला झीरो रेटिंग म्हणतात.

अडचण "ठरावीक" या शब्दात होती. कुठली साइट आत येणार, हे फेसबुकच्या नियमांवर ठरणार होतं. मे २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्या नियमांप्रमाणे साइटमध्ये मोठे फोटो चालणार नव्हते, जावास्क्रिप्ट चालणार नव्हती आणि सुरुवातीला एचटीटीपीएसही चालणार नव्हतं. तांत्रिक कारण होतं, साधे फोन आणि हळू नेटवर्क. पण यादी पुन्हा वाचा. फोटो ही मोझॅकची देणगी, उरलेल्या दोन नेटस्केपच्या.

याविरुद्ध देशभर मोहीम उभी राहिली. मुंबईच्या एआयबी या विनोदी गटाचा नेट न्यूट्रॅलिटी समजावणारा व्हिडिओ लाखोंनी पाहिला आणि ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे टेलिकॉम कंपनीने सगळ्या साइट्सना सारखं वागवायचं, एकाला फुकट आणि दुसऱ्याला महाग असं करायचं नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने साइटनुसार वेगळे दर लावायला बंदी घातली. मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये दंड.

त्यावर अँड्रीसन यांनी ट्वीट केलं. भारताच्या वसाहतवादविरोधी धोरणांनी देशाचं आर्थिक नुकसानच केलं आहे, असा त्याचा सूर होता. भारतात संताप उसळला. त्यांनी ट्वीट काढून टाकलं आणि माफी मागितली. मार्क झुकरबर्ग यांनीही जाहीरपणे आपण याच्याशी सहमत नसल्याचं सांगितलं.

फ्री बेसिक्सच्या बाजूने एक मुद्दा खरा होता. तेव्हा डेटा महाग होता आणि काहीच नसण्यापेक्षा थोडं इंटरनेट बरं, असं अनेकांना वाटत होतं. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटाचे दर कोसळले आणि थोडकं नव्हे तर अख्खं इंटरनेट लोकांच्या हातात आलं. "थोडं की काहीच नाही" हा पर्यायच अपुरा होता.

वसाहतवादाचा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. १९९३ मध्ये इलिनॉयमधल्या त्या विद्यार्थ्याला आधी एखाद्या कंपनीच्या यादीत नाव लावावं लागलं असतं, तर मोझॅक बनला असता का? २०१६ मध्ये हाच माणूस फेसबुकच्या संचालक मंडळावर बसून यादीच्या बाजूने बोलत होता.

राजकारण

२०१६ मध्ये अँड्रीसन यांनी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता. जुलै २०२४ मध्ये ते आणि होरोविट्झ डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने उभे राहिले. स्टार्टअपवरचे कर, क्रिप्टोवरची कारवाई आणि एआयवरचे नियम ही त्यांनी दिलेली कारणं. तिन्ही गोष्टींचा त्यांच्या फंडाशी थेट संबंध आहे.

मग त्यांचे विचार वाचायचे कसे?

एक साधी सवय पुरेशी आहे: लेखाची तारीख आणि गुंतवणुकीची तारीख शेजारी ठेवा.

- डिसेंबर २०१३: कॉइनबेसमधल्या २.५ कोटी डॉलरच्या फेरीत पुढाकार. जानेवारी २०१४: बिटकॉइन का महत्त्वाचं, यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख.
- मार्च २०२३: कॅरेक्टर एआयमधल्या १५ कोटी डॉलरच्या फेरीत पुढाकार. जून २०२३: एआय जगाला वाचवेल, हा लेख.

यात लपवाछपवी नाही. बिटकॉइनच्या लेखात आणि २०११ च्या लेखातही त्यांनी आपले पैसे कुठे आहेत हे सांगितलं होतं. पैसे लावले म्हणजे मत खोटं, असंही नाही. सॉफ्टवेअरबद्दल ते बरोबर ठरलेच. पण त्यांच्या हिशोबात दहापैकी सहा अंदाज फसले तरी चालतं. तुमच्याकडे दहा डाव नसतात. तुमच्याकडे एकच पगार, एकच बचत आणि करिअरची एकच सुरुवात असते. त्यांचा सल्ला ऐकून सगळी बचत एका क्रिप्टो कॉइनमध्ये घालणारा तरुण त्यांचं गणित वापरत नसतो, तो त्यांच्या गणितातला "बुडालेले सहा" असू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेबचा शोध अँड्रीसन यांनी लावला का?
नाही. वेब टिम बर्नर्स-ली यांचं. अँड्रीसन आणि बीना यांनी ते सामान्य लोकांना वापरता येईल असा ब्राउझर बनवला.

मोझॅक हा जगातला पहिला ब्राउझर होता का?
नाही. पहिला ब्राउझर बर्नर्स-ली यांनीच बनवला होता. मोझॅक हा घराघरात पोचलेला पहिला म्हणता येईल.

नेटस्केप आज कुठे आहे?
एओएलने २००८ मध्ये ब्राउझरचं काम बंद केलं. पण त्याच्या खुल्या केलेल्या कोडमधून सुरू झालेला मोझिला प्रकल्प फायरफॉक्सच्या रूपाने चालू आहे. प्ले स्टोअरवरून तो तुम्ही फुकट घेऊ शकता, कुणाच्या यादीत असण्याची गरज नाही.

भारतात आज फ्री बेसिक्स मिळतं का?
नाही. ट्रायच्या निर्णयानंतर काही दिवसांतच फेसबुकने ते भारतात बंद केलं.